स्वर्गाची आशा अंत्यविधीपुरती राखून ठेवू नका

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आपण शेवटचा कधी ऐकला, आठवून पाहा. बहुतेकांचे उत्तर एकच येईल : कुणाच्या तरी मयताला. घरासमोर मांडव, मधोमध शवपेटी, तिच्यावर गुलछडीचे हार, खुर्च्या कमी पडल्यामुळे गेटबाहेर उभी राहिलेली माणसे. आणि पाळकसाहेब किंवा फादर पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांविषयीचा तो भाग वाचतात. घरच्यांच्या कानांवर शब्द पडतात, आत काही शिरत नाही. शिरणार तरी कसे? दोन रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. डॉक्टरांचा दाखला मिळाला का, नागपूरहून निघालेला भाऊ कुठवर आला, मनात हेच चाललेले असते. दफनविधी आटोपतो, बायबल मिटते आणि तो अध्याय पुढच्या मयताची वाट पाहत पडून राहतो.

मूळ प्रसंगात मात्र खोलीत प्रेत नव्हते, जेवण होते. यहूदा उठून बाहेर गेला होता, उरलेले अकरा जण गोंधळले होते. पेत्राने तोऱ्यात जीव देण्याची भाषा केली आणि येशूने त्याला सांगितले, की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. तेरावा अध्याय इथे संपतो. त्याला लागूनच चौदाव्याची सुरुवात होते : घाबरू नका, माझ्या पित्याकडे तुमच्यासाठी जागा आहे. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते मध्ययुगात पडले. आकडा बाजूला ठेवून सलग वाचले, की लक्षात येते : हे वचन जिवंत, भेदरलेल्या आणि काही तासांतच पळ काढणार असलेल्या माणसांना दिलेले आहे. स्वर्गाची आशा धडधाकट दिवसांत, भरल्या ताटावर बसून ऐकायची गोष्ट आहे. आधी ती अंगात मुरली नसेल, तर ऐन मयताच्या दिवशी ती कुणाकडून उसनी मिळत नाही.

आधी आशा कशाची, ते पाहू

बऱ्याच ख्रिस्ती घरांत स्वर्गाचे चित्र कॅलेंडरवरून आलेले असते. ढग, पांढरे झगे, हातात वीणा आणि कधीच न संपणारी उपासना. खरे सांगायचे तर या चित्राचा कुणालाही मोह पडत नाही. तसे उघड बोलण्याची चोरी, म्हणून आपण गप्प बसतो. रविवारच्या शाळेतला एखादा मुलगा मात्र विचारून टाकतो, 'तिथे क्रिकेट असेल का?' मोठी माणसे हसतात किंवा दटावतात. मला विचाराल तर तो पोरगा मोठ्यांपेक्षा शास्त्राच्या जास्त जवळ आहे.

शास्त्रातली आशा दोन टप्प्यांची आहे आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर थांबतो. पहिला टप्पा म्हणजे मरणानंतर ख्रिस्ताजवळ असणे. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशूने त्याच दिवसाचे वचन दिले. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना पौलानेही जगाचा निरोप घेऊन ख्रिस्ताजवळ असणे अधिक चांगले म्हटले. पण हा मुक्काम आहे, प्रवासाचा शेवट नाही. शेवट आहे शरीराचे पुनरुत्थान आणि नवी पृथ्वी. दर रविवारी उभे राहून आपण विश्वासाचा अंगीकार म्हणतो, त्यात शरीराच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आहे. तोंडाने म्हणतो आणि मनात ढगच असतात.

हे शरीर कसे असेल, याचा एकमेव नमुना आपल्यापुढे आहे, तो म्हणजे उठलेला येशू. लूक सांगतो, की शिष्यांना वाटले हे भूत आहे. तेव्हा येशूने खायला काही आहे का म्हणून विचारले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. योहानाच्या शेवटच्या अध्यायातली पहाट तर वसईच्या किंवा मालवणच्या माणसाला समजावून सांगायलाच नको. रात्रभर जाळे टाकून हाती काही नाही. उजाडताना किनाऱ्यावर कोणीतरी उभा. तो सांगतो त्या बाजूला जाळे टाकले तर ओढता येईना इतकी मासळी. ती लेखकाने मोजून लिहून ठेवली आहे, १५३ मोठे मासे. किनाऱ्यावर येऊन पाहतात तो कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. आणि मरणातून उठलेला प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. ज्याला वाटते की स्वर्गात शरीराचे, चवीचे, सकाळच्या उन्हाचे काही उरणार नाही, त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा. विस्तवाशी पेत्रही बसला होता. तीनदा नाकारणारा तोच. त्याला जाब विचारला गेला तो न्याहारी झाल्यावर, आणि तोही प्रेमाबद्दलचा.

त्या शरीरावर खिळ्यांचे वण होते, हेही विसरू नका. थोमाने ते पाहिले. म्हणजे पुनरुत्थान आयुष्य पुसून टाकत नाही. आपण सोसले ते जणू घडलेच नाही असे होणार नाही. त्याचे दुखणे जाईल, ओळख राहील. 'तिथे आम्ही एकमेकांना ओळखू का?' असे विधवा आजी विचारतात, त्यांना याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

आता प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय. या पुस्तकाला लोक घाबरतात. पशूचा आकडा, युद्धे, पीडा यांतच अडकतात. शेवटी काय होते, तेवढे पाहा. माणसे वर जात नाहीत, नगरी खाली येते. देव माणसांत वस्तीला येतो आणि डोळ्यांतले अश्रू स्वतः पुसतो. नगरीला बारा वेशी आहेत आणि त्या दिवसा कधीच बंद होत नाहीत. रात्र तर तिथे नाहीच. राष्ट्रांचे वैभव त्या वेशींतून आत येते. मला यात फार मोठा दिलासा वाटतो : माणसांनी केलेले चांगले काम, गाणी, विणकाम, शेती, भाषा, हे सगळे कचऱ्यात जाणार नाही. नदी आहे, दर महिन्याला फळ देणारे झाड आहे, त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. राहता राहिला क्रिकेटचा प्रश्न. शास्त्र त्याबद्दल गप्प आहे. पण जखऱ्या संदेष्ट्याने देवाच्या नगरीचे चित्र काढताना काठी टेकत बसलेली म्हातारी माणसे दाखवली आणि रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलामुलींची गर्दीही दाखवली. तेवढे त्या मुलाला सांगायला काहीच हरकत नाही.

तेव्हा पहिले काम हे, की कॅलेंडरचे चित्र उतरवा. लूक २४, योहान २१, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय आणि प्रकटीकरण २१-२२ याच क्रमाने वाचा. रोज एक भाग, घाई नको. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' घ्या; त्यातले मराठी आजचे आहे. कॅथलिक-प्रॉटेस्टंट असा विचार करून एकमेकांची भाषांतरे न उघडणे हा आपला करंटेपणा आहे.

'पण मी तिथे असेन का?'

स्वर्ग कितीही सुंदर असला तरी आपल्याला तिथे जागा आहे की नाही याचीच धाकधूक असेल, तर आनंद कुठून येणार? वरच्या सगळ्या वाचनाआधी हा प्रश्न कित्येकांच्या मनात असतो आणि तो पाळकांना विचारायची लाज वाटते. वीस वर्षे मंडळीची पंच कमिटी सांभाळलेल्या माणसाला तर जास्तच.

आपण ज्या समाजात वाढलो, त्यात पुण्य गाठीला बांधायचे, त्यावर स्वर्ग मिळवायचा आणि पुण्याई सरली की पुन्हा मृत्युलोकी यायचे, अशी धारणा खोल रुजली आहे. ख्रिस्ती घरांतही ती नाव बदलून नांदते. 'एवढी वर्षे गायनमंडळात गायलो, देव काहीतरी बघेलच' हा त्याच जमाखर्चाचा एक प्रकार. 'माझ्या हातून अशी गोष्ट झालीय की आता काही खरे नाही' हा दुसरा. पहिल्यात शिल्लक दाखवलेली आहे, दुसऱ्यात तूट. वही तीच.

येशूच्या शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराकडे पाहा. त्याला बाप्तिस्मा घ्यायला वेळ नव्हता. चोरलेले परत करता येत नव्हते. हात खिळलेले, त्यामुळे एखादे पुण्यकर्म करण्याचाही प्रश्न नव्हता. तो फक्त म्हणाला, माझी आठवण ठेव. त्याला मिळालेल्या उत्तरात एकही अट नाही. तिथे माझी जागा माझ्या कमाईवर ठरत नाही, ती तयार करायला जो गेला त्याच्या शब्दावर ठरते.

कॅथलिक बांधव शुद्धिस्थान मानतात, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. तो वाद इथे मिटवायचा नाही. पाया ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान हाच आहे, याबद्दल दोघांचे दुमत नाही.

एक व्यवहारी सूचना. आपली खात्री किती, हे रोज नाडी तपासल्यासारखे तपासत बसू नका. भावना हवामानासारख्या बदलतात. अपचन झाले तरी विश्वास कमी झाल्यासारखा वाटतो. सत्तर शिष्य मोहिमेवरून परतले तेव्हा दुरात्मे आपल्याला वश होतात म्हणून खुशीत होते. येशूने त्यांच्या आनंदाचे कारणच बदलले : आपण काय करू शकतो यावर नका हरखू, तुमची नावे स्वर्गात लिहिली गेली आहेत यावर हरखा. नाव लिहिणारा दुसरा असतो. ते खोडरबराने पुसायची ताकदही आपल्याकडे नसते.

आठवड्यात ही आशा कुठे बसवायची

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅक्स्टर नावाचे एक पाळक होते. तिथल्या यादवी युद्धात ते पार्लमेंटच्या सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून हिंडले. १६४७ मध्ये गंभीर आजारी पडले, आता वाचत नाही असे त्यांना वाटले. घरापासून आणि आपल्या पुस्तकांपासून दूर, अंथरुणावर, हाताशी जवळपास फक्त बायबल. तिथे त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीचे प्रवचन लिहावे तसे स्वर्गातल्या विसाव्याविषयी लिहायला घेतले. लिहिता लिहिता ते जाडजूड पुस्तक झाले आणि १६५० मध्ये 'सेंट्स एव्हरलास्टिंग रेस्ट' या नावाने छापले गेले. बॅक्स्टर काही मेले नाहीत, १६९१ पर्यंत जगले आणि उदंड लिहीत राहिले. त्या पुस्तकाचा मोठा भाग अगदी व्यवहारी आहे : स्वर्गाचा विचार आपोआप येत नाही, त्यासाठी ठरावीक वेळ काढा, जमेल तर रोज, जागा एकांताची हवी, नुसती माहिती आठवू नका, ती स्वतःच्या मनाशी बोला, मनाला समजवा, हटका.

रोज अर्धा तास एकांत म्हटले तर विरार लोकलमधून उतरून डबे घासणाऱ्या बाईला हसू येईल. तेव्हा आपल्या घराला झेपेल अशी रीत सांगतो. दिवस मावळताना दहा मिनिटे. इसहाकही संध्याकाळीच शेतात मनन करायला गेला होता. गॅलरी, ओटा, गच्ची, काहीही चालेल. फोन आत ठेवा. त्या दिवसातली एक चांगली गोष्ट आठवा. मोठी नको. आमटीला बसलेली फोडणी, नातवाने पहिल्यांदा नीट बांधलेली बुटाची नाडी, सांध्यांना आराम देणारे ऊन. ती मनात धरा आणि देवाला सांगा : हे तुझ्या घरचे आहे, तिथे असे पुष्कळ असेल. मग त्याच दिवसातली एक मोडकी गोष्ट घ्या. शेजारणीचा कॅन्सर, भावाशी जमिनीवरून तुटलेले बोलणे, बातम्यांतले पोर. तीही देवासमोर ठेवा आणि म्हणा : हे तू नीट करणार आहेस. बस. चांगल्यात स्वर्गाची चव आणि मोडक्यात स्वर्गाची भूक, दोन्ही एकाच बैठकीत. महिनाभर केले की आपण दिवसभर या दोन गोष्टी शोधत हिंडू लागतो, आणि आनंद बहुतेक वेळा या शोधातच सापडतो.

गाणी बाहेर काढा. 'उपासना संगीत'मधली स्वर्गाची गीते आपण मयतासाठी राखून ठेवली आहेत, इतकी की एखाद्याने स्वयंपाकघरात ते सूर गुणगुणले तर सासूबाई दचकून विचारतात, कोण गेले? ही सवय मोडायला हवी. आपली परंपरा गाऊन विश्वास मुरवणारी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले आणि देवळांतून गायले जात असे. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंगाची चाल मंडळीत आणली, त्यामागेही हीच समज होती : जे गळ्यातून उतरते ते टिकते.

रविवारच्या प्रभुभोजनाकडे किंवा मिस्साकडे निव्वळ मागे पाहणारा विधी म्हणून पाहू नका. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्या पित्याच्या राज्यात पुन्हा द्राक्षरस पिण्याविषयी सांगितले होते. रांगेत उभे असताना एवढे आठवले तरी भाकरीच्या तुकड्याला पुढच्या पंगतीचा वास येतो.

२ नोव्हेंबरला वसईत, गोव्यात, मुंबईत माणसे कबरस्तानात जाऊन गवत काढतात, कबर धुतात, झेंडू पसरतात, मेणबत्त्या लावतात. मुलांना घरी ठेवू नका. त्यांना बादली धरू द्या, दगडावरचे नाव मोठ्याने वाचू द्या, आजोबा कसे हसायचे ते तिथेच सांगा. इस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना होत असेल तर तिथेही न्या. कबरींमध्ये उभे राहून सूर्य उगवताना पाहिलेल्या मुलाला पुनरुत्थानाची व्याख्या पाठ करायची गरज कमी पडते.

वय झालेल्यांना एक सांगणे. मृत्युपत्र करा, बँकेत वारसाची नोंद आहे ना ते पाहा, आपल्या दफनविधीला कोणती गीते म्हणावीत ते एका कागदावर लिहून मुलीला दाखवा. ती 'असे अभद्र बोलू नका' म्हणेल. बोला. स्वर्गाची आशा असणाऱ्या माणसाच्या कपाटात कागद नीट लावलेले असावेत, असे माझे मत आहे. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला फोन करा. नव्या नगरीत तो शेजारी निघाला तर पंचाईत नको.

मयताच्या घरी गेल्यावर

इथे आपल्याकडून सर्वांत जास्त चुका होतात, त्याही प्रेमापोटी. 'रडू नका, ते स्वर्गात आहेत.' 'विश्वासू माणसाने असा शोक करू नये.' 'देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.' शेवटचे वाक्य तर खोटेच आहे आणि ते लहान मुलाच्या कानावर पडले तर घातक. आई चांगली होती म्हणून देवाने नेली असे ऐकलेले पोर चांगले वागायला घाबरेल, नाहीतर देवालाच घाबरेल.

लाजराच्या कबरेकडे जाताना येशूला ठाऊक होते, की पुढच्या थोड्याच वेळात तो त्याला हाक मारून बाहेर बोलावणार आहे. तरीही तो रडला. आशा होती म्हणून अश्रू थांबले नाहीत. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिले तेही शोक करू नका असे नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे. शोक आहेच, त्याच्या तळाशी जमीन लागते एवढाच फरक. तळ लागतो हे कळायला कधी कधी वर्षे जातात. तोवर बुडणाऱ्याला वचने फेकून मारू नयेत.

मग करावे काय? पहिल्या दिवशी कमी बोला. चहाचा थर्मास न्या, पाहुण्यांची जेवणे वाटून घ्या, लहान मुलांना तासभर बाहेर फिरवून आणा. वचन वाचायचे असेल तर एकच, छोटे. खरे काम तिसऱ्या महिन्यात सुरू होते. तोवर सांत्वनासाठी येणारे थांबलेले असतात आणि पेन्शनच्या कागदांसाठी विधवेला खिडक्या-खिडक्यांवर उभे राहावे लागते. त्या दिवशी तिच्याबरोबर जा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या. नाव ऐकून तिला रडू येईल अशी भीती बाळगू नका, नाव कुणीच घेत नाही याचे तिला जास्त रडू येत असते. पहिला ख्रिसमस, पहिला वाढदिवस, लग्नाची तारीख डायरीत लिहून ठेवा. पुनरुत्थानावरचे बोलणे तेव्हा करा. तेव्हा ते ऐकू येते.

आशेने हात बांधले जातात का?

स्वर्गाच्या नावाखाली गरिबाला गप्प बसवले जाते, हा आरोप जुना आहे आणि पुष्कळदा खरा आहे. मजुराची मजुरी बुडवून त्याला स्वर्गात मिळेल म्हणणारा माणूस शास्त्राचा नाही, पाकिटाचा भक्त आहे. याकोबाने आपल्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल धनिकांना काय सुनावले आहे, ते त्याने वाचावे. पौलानेही करिंथकरांस पहिल्या पत्रातला पुनरुत्थानावरचा तो मोठा अध्याय संपवताना डोळे मिटून बसायला सांगितले नाही, काम करत राहा, ते वाया जात नाही, असे सांगितले. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यापासून, सोळाव्या अध्यायात, यरुशलेमेतल्या भावंडांसाठी वर्गणी कशी गोळा करायची, याच्या सूचना आहेत. मरणावरच्या विजयाला लागूनच वर्गणीचा हिशेब. मला पौलाचा हा भाग फार आवडतो.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहा. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर आईवडील आणि मोठी बहीण गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. ख्रिस्ताकडे त्या नंतर वळल्या. मरण इतके जवळून पाहिलेल्या बाईने परलोकाची वाट पाहत बसायचे ठरवले असते, तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी १८९६-९७ च्या आणि पुढे १९०० च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणि विधवांना केडगावला आणले, मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना सुरू केला, अंध मुलींना ब्रेलमधून शिकवण्याची सोय केली आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. म्हातारपणी, बहिऱ्या झालेल्या रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. १९१९ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक गेले. त्यानंतरची सतरा वर्षे लक्ष्मीबाईंनी वाट पाहण्यात घालवली नाहीत. टिळकांनी सुरू केलेल्या 'ख्रिस्तायना'चे ६४ अध्याय लिहिले आणि 'स्मृतिचित्रे'सारखे पुस्तक दिले, ज्यात वैधव्याच्या लेखणीला हसणे कसे साधले याचे मराठी वाचकाला आजही नवल वाटते.

याच ओघात एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. स्वर्गाची ओढ आणि जगणे नकोसे होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पौलाला ख्रिस्ताकडे जायचे होते, पण फिलिप्पैच्या माणसांना आपली गरज आहे म्हणून राहायचे त्याने ठरवले. घरातले कुणी 'प्रभू मला उचलून घे' असे वारंवार म्हणत असेल, जेवण-झोप सुटली असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडाले असेल, तर त्याला अध्यात्म समजून कौतुक करू नका आणि विश्वास कमी पडतो म्हणून झापूही नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येते. औषध घेणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. लूक स्वतः वैद्य होता.

सुरुवात कुठून करायची, असे विचाराल तर येत्या रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद करा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय मोठ्याने वाचा. आळीपाळीने वाचा, लहानांनाही वाटा द्या, मध्ये प्रश्न आले तर येऊ द्या. दोन्ही अध्याय मिळून ४८ वचने आहेत; वाचायला दहा मिनिटे पुरतात.